सांधे उजळवा, पण ॲसिडशिवाय

पाहुणे येणार म्हटले की न्हाणीघराच्या टाईल्सकडे आपले लक्ष जाते. टाईल्स स्वच्छ असतात, पण त्यांमधले सांधे काळे-पिवळे पडलेले दिसतात. मग लादी धुण्याचे ॲसिड काढले जाते. ते ओतताच फेस येतो आणि मळ निघाला, असे वाटते. भगिनींनो, मळाबरोबर तेथे सिमेंटही विरघळत असते! सांधा आज उजळतो, पण खडबडीत झाल्याने पुन्हा लवकर मळतो. पुढे फटी पडून पाणी झिरपते आणि खालच्या घराच्या छताला ओल येते.

याहून मोठा धोका जिवाचा आहे. ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. घसा जळजळला, खोकला लागला तर काम टाकून ताबडतोब मोकळ्या हवेत या. त्रास थांबला नाही तर डॉक्टरांकडे जा.

मग करावे काय? खाण्याच्या सोड्यात थोडे पाणी घालून लगदा करा. तो सांध्यांवर लावून १५-२० मिनिटांनी जुन्या टूथब्रशने घासा व धुवा. बुरशीचे काळे डाग राहिलेच, तर खिडकी उघडून, हातमोजे घालून, फक्त ब्लिचिंग पावडरचे पाणी लावा. दहा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. रंगीत सांध्यांना मात्र ते लावू नका, रंग उडतो.

सांधा झिजला असेल तर घासून उपयोग नाही. सुटे झालेले सिमेंट जुन्या हॅक्सॉ ब्लेडने २-३ मिलिमीटर खरवडा. धूळ काढून सांधा किंचित ओला करा. पांढरे सिमेंट श्रीखंडाइतके घट्ट कालवून रबरी पट्टीने दाबून भरा. सिमेंटने कातडी भाजते, म्हणून हातमोजे हवेतच. अर्ध्या तासाने टाईल्स ओलसर फडक्याने पुसा. एक दिवस तेथे आंघोळ नको. नंतर दोन-तीन दिवस सांध्यांवर अधूनमधून पाणी शिंपडा. टाईल ठोकल्यावर पोकळ वाजली, तर मात्र मिस्त्रीला बोलवा.

शेवटी एक सांगणे. न्हाणीघर सारे घर वापरते, मग घासायला एकटी आईच का? आंघोळ झाल्यावर ज्याने त्याने भिंती-लादीवरचे पाणी ओढून काढले, तर बुरशी सहसा धरणार नाही. ही सवय मुलींइतकीच मुलांनाही लावा.