बाष्पनशील तेलांचे वायु-वर्णलेखन

वनस्पतींची पाने, फुले, मुळे, लाकूड इत्यादींपासून मिळणाऱ्या बाष्पनशील (सुगंधी) तेलांतील घटक बाष्परूपात अलग करून ओळखण्याची व त्यांचे प्रमाण ठरविण्याची पद्धती. अशा तेलात टर्पिने व त्यांची ऑक्सिजनयुक्त संयुगे मुख्यत्वे असून घटकांची संख्या पुष्कळदा शंभराहून अधिक असते. बऱ्याच घटकांचे उकळबिंदू परस्परांच्या निकट असल्यामुळे ते भागशः ऊर्ध्वपातनाने पूर्णपणे अलग होत नाहीत. वायु-वर्णलेखनास मात्र तेलाच्या एका थेंबाचा अल्पांशही पुरतो.

इतिहास : ए. जे. पी. मार्टिन व आर. एल. एम. सिंज यांनी १९४१ मध्ये विभाजन वर्णलेखनात चल प्रावस्था म्हणून वायू वापरता येईल असे सुचविले. ए. टी. जेम्स व मार्टिन यांनी १९५२ मध्ये ही कल्पना प्रत्यक्षात आणली. पुढे एम. जे. ई. गोले यांच्या केशनलिका स्तंभामुळे विलगीकरण अधिक सूक्ष्म झाले.

कार्यपद्धती : वनस्पतिद्रव्याचे पाणी वा वाफ यांच्या साहाय्याने ऊर्ध्वपातन करून तेल मिळवितात. ते विरल करून सु. २५०° से. तापमानाच्या कक्षात सूचीद्वारे सोडतात. तेथे त्याची वाफ होते व हीलियम, हायड्रोजन वा नायट्रोजन हा वाहक वायू ती स्तंभात नेतो. स्तंभ म्हणजे सामान्यतः ३० मी. लांब व ०·२५ मिमी. अंतर्व्यासाची सिलिकेची नळी असून तिच्या आतील पृष्ठावर स्थिर प्रावस्थेचा पातळ थर असतो. तापमान हळूहळू वाढवीत नेतात. अधिक बाष्पनशील व थरात कमी रमणारे घटक आधी बाहेर पडतात. हायड्रोजनाच्या ज्योतीत त्यांचे आयनीभवन होऊन विद्युत् प्रवाह निर्माण होतो व आलेखावर शिखरे उमटतात. शिखरांच्या क्षेत्रफळांवरून घटकांचे सापेक्ष प्रमाण कळते.

घटकांची ओळख : धारणकाल उपकरणाच्या स्थितीनुसार बदलतो. म्हणून ई. कोव्हाट्स यांनी १९५८ मध्ये सरल शृंखलेच्या अल्केनांवर आधारलेला धारण निर्देशांक सुचविला. यात डेकेनाचा निर्देशांक १०००, तर अंडेकेनाचा ११०० मानतात. स्तंभाला द्रव्यमान वर्णपटमापक जोडल्यास रेणूच्या खंडांवरून संयुग ओळखता येते. तथापि अनेक टर्पिन समघटकांचे द्रव्यमान वर्णपट जवळजवळ सारखे असतात. त्यामुळे वर्णपट व निर्देशांक हे दोन्ही पुरावे जुळल्याशिवाय ओळख निश्चित मानीत नाहीत.

उपयोग : तेलाची शुद्धता व भेसळ ठरविण्यास ही पद्धती विशेष उपयुक्त आहे. चंदन तेलाच्या २००२ च्या आंतरराष्ट्रीय मानकात आल्फा-सँटॅलॉल ४१–५५ टक्के व बीटा-सँटॅलॉल १६–२४ टक्के या मर्यादा दिल्या आहेत. गवती चहाच्या तेलात सिट्रालाचे प्रमाण पाहतात. कृत्रिम लिनॅलूल मिसळलेले लॅव्हेंडर तेल साध्या स्तंभावर निर्दोष भासू शकते. मात्र नैसर्गिक तेलात या संयुगाचा एकच प्रतिबिंबरूपी समघटक बहुतांशी असतो, तर कृत्रिम संयुगात सामान्यतः दोन्ही समप्रमाणात असतात. सायक्लोडेक्स्ट्रिनयुक्त स्तंभावर ते अलग होऊन भेसळ उघड होते.

मर्यादा : शर्करांसारखी अबाष्पनशील संयुगे आधी बाष्पनशील अनुजातांत रूपांतरित करावी लागतात. उष्णतेने काही घटकांची संरचनाच बदलते, उदा., जर्मॅक्रीन-बी पासून गॅमा-एलेमीन तयार होते. अशा वेळी आलेखावरील शिखर वनस्पतीतील मूळ संयुगाचे नसून उपकरणात निर्माण झालेल्या संयुगाचे असते. म्हणून निष्कर्ष काढताना तेल मिळविण्याची रीत व विश्लेषणाचे तापमान विचारात घेणे आवश्यक असते.