ओआरएस, एनर्जी ड्रिंक की ताक? शिफ्टमध्ये घाम गाळणाऱ्यांनी नेमकं काय प्यावं?

भोसरी असो, चाकण असो की म्हाळुंगे, शिफ्ट सुटली की कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर गर्दी होते. कुणी एनर्जी ड्रिंक घेतं, कुणी ‘इलेक्ट्रोलाइट’ लिहिलेला टेट्रा पॅक, तर कुणी शेजारच्या रसवंतीवर उसाचा रस. थकवा गेला पाहिजे, एवढीच अपेक्षा. पण घाम, जुलाब आणि झोप या तीन वेगळ्या अडचणी आहेत. तिन्हींवर एकच बाटली चालत नाही. त्यामुळे खिशातले पैसे घालवण्याआधी काही प्रश्नांची उत्तरं माहिती असायला हवीत.

‘ओआरएस’ नावावरून वाद काय झाला?

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) 14 ऑक्टोबर 2025 रोजी आदेश काढून शीतपेयं आणि फळांच्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली. त्याआधी 2022 पासून, ‘हे डब्ल्यूएचओच्या सूत्राचं ओआरएस नाही’ अशी सूचना छापून तो शब्द वापरता येत होता. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरोधात अनेक वर्षं पाठपुरावा केला होता.

मुद्दा साखरेचा आहे. डब्ल्यूएचओच्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज फक्त 13.5 ग्रॅम असतं. सोबत 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. या प्रमाणात ग्लुकोज आणि सोडियम आतड्यातून एकत्र शोषले जातात आणि आपल्यासोबत पाणीही शरीरात नेतात. समजा, एखाद्या गोड पेयात 100 मिलीला 11 ग्रॅम साखर आहे. म्हणजे लिटरला 110 ग्रॅम, ओआरएसच्या आठपट. इतकी साखर उलट आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढू शकतात. लहान मुलांसाठी हे जास्त धोक्याचं.

खरं ओआरएस कसं ओळखायचं?

- पाकिटावर डब्ल्यूएचओ सूत्राचा उल्लेख आणि वर दिलेले चार घटक पाहा.
- एक लिटरच्या पाकिटात साधारण 20.5 ग्रॅम पावडर असते. ती पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट टाकणं चुकीचं आहे.
- तयार केलेलं पाणी 24 तासांनंतर फेकून द्या.
- पाकीट मिळालं नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चहाचा चमचा) हा घरगुती उपाय चालतो.

सरकारी आरोग्य केंद्रांत आणि आशाताईंकडे ही पाकिटं मोफत मिळतात.

रोज घाम येतो, मग रोज ओआरएस घ्यावं का?

बहुतेकांना गरज नाही. फाउंड्री, फोर्जिंग किंवा पेंट शॉपसारख्या गरम ठिकाणी काम असेल तर तहान लागण्याची वाट न पाहता दर 15 ते 20 मिनिटांनी साधारण एक ग्लास पाणी प्यावं. एकदम खूप पिण्यापेक्षा थोडं थोडं चांगलं. तासाला दीड लिटरच्या वर मात्र जाऊ नये. घामातून गेलेलं मीठ सहसा वेळेवर केलेल्या जेवणातून भरून निघतं. डबा न खाता फक्त पाण्यावर शिफ्ट काढली की चक्कर येण्याची शक्यता वाढते. रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ किंवा इलेक्ट्रोलाइट वाढवू नये.

नाईट शिफ्टला एनर्जी ड्रिंक चालतं का?

त्यातून मिळते ती मुख्यतः साखर आणि कॅफीन. भारतीय नियमानुसार अशा पेयात लिटरला 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफीन असतं. दिवसाला 500 मिलीपेक्षा जास्त पिऊ नये आणि लहान मुलं, गर्भवती व स्तनदा मातांसाठी नाही, अशी सूचना डब्यावर असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसभरातलं एकूण कॅफीन 300 मिलिग्रॅमच्या आत असावं. चहाच्या एका कपातच 30 ते 65 मिलिग्रॅम असतं. शिफ्टच्या शेवटच्या तासांत कॅफीन घेतलं तर सकाळी घरी गेल्यावर झोप लागत नाही. मग पुढच्या रात्री पुन्हा डबा लागतो.

उसाचा रस, नारळपाणी की ताक?

उसाच्या रसात 100 मिलीला 13 ते 15 ग्रॅम साखर असते. 250 मिलीच्या एका ग्लासातून 32 ते 37 ग्रॅम साखर पोटात जाते. डब्ल्यूएचओ सांगतं, दिवसाला अशी साखर 50 ग्रॅमच्या आत, शक्यतो 25 ग्रॅमच ठेवा. कधीतरी ठीक, रोज नको. मधुमेह असेल तर टाळाच. बर्फही बघून घ्या. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम आहे.

ताक आणि साखर न घातलेलं लिंबूपाणी रोजच्यासाठी चांगलं आणि स्वस्त. नारळपाणीही चांगलं, पण त्यात पोटॅशियम जास्त असल्याने किडनीच्या रुग्णांनी आधी विचारून घ्यावं.

जेवणानंतर लगेच चहा घेतला तर?

चहातलं टॅनिन जेवणातलं लोह शोषू देत नाही. त्यामुळे जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्याचा सल्ला पोषण संस्था देते. कॅन्टीनमधून उठताना चहा घ्यायची सवय असेल, विशेषतः महिला कामगारांना, तर तो टी-ब्रेकवर ढकलणं फायद्याचं.

पाण्याची जबाबदारी कुणाची?

कंपनीची. 250 पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात थंड पाण्याची सोय हवी, अशी तरतूद 1948 च्या कारखाने कायद्यातच होती. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही पिण्याच्या पाण्याची सोय बंधनकारक आहे. कंत्राटी कामगारांसाठी ही जबाबदारी ठेकेदारावर ढकलता येत नाही, ती मुख्य कंपनीवरच आहे. लाइनजवळ पाणी नसेल किंवा पाण्यासाठी जाऊ दिलं जात नसेल, तर सुपरवायझरकडे किंवा सुरक्षा समितीकडे तक्रार करता येते.

दवाखान्यात कधी जावं?

लघवी खूप कमी आणि गडद होणं, सतत उलट्या, जुलाबात रक्त दिसणं, ही लक्षणं असतील तर थांबू नका. उष्णतेत कुणी असंबद्ध बोलू लागलं किंवा बेशुद्ध पडलं तर तोंडात काहीही ओतू नका. सावलीत न्या, अंग ओलं करा, वारा घाला आणि 108 वर फोन करा.

थोडक्यात : घामासाठी पाणी, ताक आणि वेळेवर जेवण. जुलाबासाठी खरं ओआरएस. झोपेसाठी झोपच. पाकिटाच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय यापेक्षा मागे 100 मिलीला साखर किती आहे, ते आधी वाचा.