एकास सहाशे सदुसष्ट

माझी ताई अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्सजवळ राहते. मागच्या ऑगस्टमध्ये भाचीबरोबर तिच्या सरकारी हायस्कुलात गेले होते. ऑफिसमागच्या अरुंद बोळात ओळीनं चार दारं, आणि त्यांवर अक्षरं: ए ते डी, ई ते के, एल ते आर, एस ते झेड. आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून मुलाचा कौन्सेलर ठरतो. भाची देशपांडे, म्हणजे पहिलं दार. आपटे, आगाशे, भावे, चव्हाण, देशमुख, देसाई, दीक्षित... इंग्रजी आद्याक्षरं लावली तर अर्धा महाराष्ट्र त्याच दाराशी रांगेत उभा राहील.

शाळेचा पट अठराशेचा. त्याला चारनं भागलं की दारामागच्या बाईंच्या वाट्याला साडेचारशे मुलं. वेळापत्रक बदलून देणं, क्रेडिटं मोजणं, कॉलेजच्या अर्जासोबतचं पत्र लिहिणं, घरी आईबापांचं बिनसलं की रडू ऐकून घेणं आणि एखादी मुलगी जिवाचं बरंवाईट करायचं बोलली तर हातातलं सगळं टाकून धावणं, ही सगळी कामं त्या एकट्या बाईंची.

अमेरिकी शाळांत हे खातं वाढलं ते एका चेंडूमुळे. 4 ऑक्टोबर 1957 रोजी सोव्हिएत रशियानं 58 सेंटिमीटर व्यासाचा, 83.6 किलोचा स्पुतनिक आकाशात सोडला. आपली हुशार पोरं कोण आहेत आणि ती विज्ञानाकडे का वळत नाहीत, या चिंतेनं वॉशिंग्टनची झोप उडाली. 1958 साली राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला आणि त्यात शाळांतल्या मार्गदर्शकांसाठी पैसा ठेवला गेला. दुसऱ्याच वर्षी हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स ब्रायंट कोनंट यांनी हायस्कुलांवरच्या आपल्या पुस्तकात आकडा मांडला: 250 ते 300 मुलांमागे एक पूर्णवेळ कौन्सेलर. कौन्सेलरांची राष्ट्रीय संघटना आजही 250च मागते.

प्रत्यक्षात 2022-23 मध्ये देशाची सरासरी होती 385. अ‍ॅरिझोनाची 667, सगळ्या राज्यांत वाईट. यात बालवाडीपासूनची मुलं आली. हायस्कुलांत आकडा बराच खाली येतो आणि लहान मुलांच्या शाळांत गगनाला भिडतो, कारण कित्येक ठिकाणी तिथं कौन्सेलरच नसतो.

पण ‘एकास इतके’ असं म्हटलं की डोळ्यांपुढे काही येत नाही. त्याची मिनिटं करून बघावीत. शाळा वर्षाला 180 दिवस, दिवस साडेसहा तासांचा धरला तर झाले 1,170 तास. बाईंनी चहा घेतला नाही, मीटिंगला गेल्या नाहीत, एकही कागद भरला नाही असं समजू. 250 मुलं असतील तर प्रत्येकाला वर्षाला पावणेपाच तास येतात, थोडे कमीच. 385 असतील तर तीन तास. 667 असतील तर पावणेदोन तास, म्हणजे हिंदी सिनेमाचं इंटरव्हल होऊन थोडा वेळ जातो तेवढं. आणि हे अख्ख्या वर्षाचं!

भाचीच्या बाईंनी साडेचारशे जणांना एकेकदाच पंधरा मिनिटं भेटायचं ठरवलं, तरी एका फेरीला 112 तास लागतात. शाळेचे सतरा दिवस त्यातच गेले. साडेचारशेतली पाव मुलं बारावीची. प्रत्येकाच्या पत्राला तास धरला की आणखी सतरा दिवस, तेही कॉलेजांच्या पहिल्या मुदतीआधी, म्हणजे बहुतेक नोव्हेंबर उजाडायच्या आत.

देशभर 250चा आकडा गाठायचा तर किती माणसं लागतील? सरकारी शाळांतली मुलं साधारण 4 कोटी 95 लाख. त्यांना 385नं भागलं की 1 लाख 29 हजारांच्या आसपास कौन्सेलर येतात आणि 250नं भागलं की 1 लाख 98 हजार. तूट जवळपास 70 हजारांची.

शिक्षकांचा आकडा तर चक्क फसवतो. अमेरिकी सरकारी शाळांत पंधरा-सोळा मुलांमागे एक शिक्षक, असं कागद सांगतो. ऐकून आपल्याकडच्या साठांच्या तुकडीवाल्याला हेवाच वाटेल. मग वर्गात तीस डोकी कुठून येतात? भाचीचीच शाळा घ्या. अठराशे मुलं, प्रत्येकाचे दिवसाला सहा तास, म्हणजे 10,800 बाकं भरायची. तीसचा वर्ग धरला तर 360 वर्ग. एक शिक्षक पाच वर्ग घेतो, म्हणून 72 शिक्षक, आणि प्रमाण आलं पंचवीस. विशेष गरजा असलेल्या मुलांचे छोट्या गटांचे शिक्षक मिळवले की ते आणखी उतरतं. इंग्रजीच्या शिक्षकाच्या पिशवीत मात्र पाच वर्गांचे मिळून दीडशे निबंध असतात. निबंधाला दहा मिनिटं दिली तर पंचवीस तास, आणि ते घरी. शिक्षणतज्ज्ञ थिओडोर सायझर यांनी 1984 साली उभारलेल्या शाळांच्या संघानं हे ओळखलं होतं. त्यांनी वर्गाचा आकार धरला नाही, शिक्षकाच्या वाट्याची एकूण मुलं मोजली आणि हायस्कुलात ती 80च्या वर नकोत असं म्हटलं.

पुन्हा कौन्सेलरांकडे येते. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या 2019च्या अहवालातला एक आकडा मला अजून पचलेला नाही: 17 लाख मुलं अशा शाळांत शिकत होती जिथं पोलीस होता, कौन्सेलर नव्हता.

त्या दिवशी पहिल्या दाराशी आमचा नंबर लागला. बाईंनी भाचीचं आडनाव तीन तुकड्यांत म्हणून बघितलं, बरोबर आलं का विचारलं आणि केमिस्ट्रीचा तास सकाळी घेऊन दिला. ‘बाकी ठीक?’ या प्रश्नावर भाची जरा थांबली. बाईही थांबल्या, हात कीबोर्डवरून काढून. मग भाची ‘हो’ म्हणाली. दाराच्या काचेत एक उंच मुलगा आधीच येऊन उभा होता, त्याच्यामागे आणखी दोघी. घड्याळात अकरा मिनिटं झाली होती.

गाडीत बसल्यावर मी तिला विचारलं, काय सांगायचं होतं?

‘जाऊ दे गं मावशी, पुढच्या वेळी.’