रूळ नेमके कुठे संपले होते?

ज्यूल व्हर्नच्या 'ऐंशी दिवसांत जगाची सफर' या कादंबरीत फिलीआस फॉग मुंबईहून आगगाडीने कलकत्त्याला निघतो. कल्याण, नाशिक, बऱ्हाणपूर मागे पडतं आणि खोल्बी नावाच्या गावी गार्ड सांगतो, उतरा, पुढे रूळच नाहीत! सगळा मार्ग सुरू झाल्याचं वर्तमानपत्रांनी छापलं, ते चूक. मग दोन हजार पौंडांचा हत्ती, घनदाट जंगल आणि मेलेल्या राजासोबत बळजबरीने सती दिल्या जाणाऱ्या औदाची सुटका.

1983 साली स्पेनच्या बीआरबी कंपनीने जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनकडून याच गोष्टीची 26 भागांची कार्टून मालिका करून घेतली. फॉगचा झाला सिंह, नोकर पासपार्तूचा झाला रिगोडॉन बोका आणि औदाची रोमी. सुटकेची युक्ती मात्र पुस्तकातलीच: मेलेल्या राजाच्या जागी नोकर, आणि 'प्रेत' चितेवरून उठतं! भर घातली ती ट्रान्सफर नावाच्या लांडग्याची. फॉगच्या वाटेत खोडे घालायला त्याला पैसे मिळालेत. कादंबरीत असा कुणी भाडोत्री खलनायक नाही. पुस्तकाचे कट्टर भक्त इथे नाक मुरडतील; मी नाही मुरडत. व्हर्नने तरी दुसरं काय केलं?

त्यानेही फॉगच्या वाटेत खोटा अडथळाच उभा केला, कारण मुंबई-कलकत्ता लोहमार्ग मार्च 1870 मध्येच जबलपूरला जोडला गेला होता. कथा घडते ऑक्टोबर 1872 मध्ये. म्हणजे वर्तमानपत्रं बरोबर होती, गार्डच थापा मारत होता! रूळ संपले नसते तर हत्ती कुठला आणि औदा तरी कुठली?

खरी गंमत पुढे, बनारसला. कादंबरीत गाडी दुपारी साडेबाराला तिथे थांबते आणि फॉगचे सहप्रवासी सर फ्रान्सिस क्रोमार्टी शहराच्या उत्तरेला असलेल्या आपल्या छावणीकडे जायला खुशाल उतरतात. पण कलकत्त्याचा मुख्य मार्ग तेव्हा गंगेच्या अलीकडून, मुघलसरायवरून जायचा. शहर पलीकडच्या काठावर, आणि मध्ये रेल्वेचा पूलच नव्हता! सर फ्रान्सिसना आधी गंगा ओलांडावी लागली असती. भारतात कधीच न आलेल्या व्हर्नने अखंड रूळ तोडले आणि खरोखर तुटलेली जागा एका परिच्छेदात ओलांडली.

मालिका पाहाच, पण नंतर कादंबरीतली भारताची प्रकरणं रेल्वेचा जुना नकाशा शेजारी ठेवून वाचा. नकाशा 1887 च्या आधीचा हवा. त्या वर्षी राजघाटाचा डफरिन पूल, म्हणजे आजचा मालवीय पूल, सुरू झाला.