संपला की गळाला?

नागपूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे, त्यांना थंड खोलीची महती सांगायला नको. आमच्या वडिलांना या वयात उकाडा सोसत नाही आणि त्यांच्या खोलीतला एसी १४ वर्षांचा! दर उन्हाळ्याच्या तोंडी मिस्त्री येई, ‘गॅस संपला’ म्हणे आणि भरून जाई. यंदा दुसरा मिस्त्री आला. म्हणाला, “सर, गॅस संपत नसतो, गळतो!” मराठीच्या प्राध्यापकाला या दोन क्रियापदांतला फरक असा कळावा!

गॅस म्हणजे काही चुलीतले सरपण नव्हे. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला, की गळती शोधलीच पाहिजे. एखादा सांधा गळत असेल, तर झाळून घ्यावा. यंत्र आणखी काही वर्षे चालेल. पण कॉइलच कुजली असेल, तर दुरुस्तीचा हट्ट सोडावा. त्यातून आमचा गॅस आर-२२. ओझोनचा थर विरळ करणारा, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वये हद्दपार होत चाललेला.

आमची कॉइल कुजलेलीच निघाली. नवा एसी आला. बाबा हसून म्हणाले, “यंत्र बदललंत, बरं केलंत. मला मात्र दुरुस्तच करीत राहा हो!”