चेंबरमधलं ऑइल कुठलं?

निफाडच्या द्राक्षपट्ट्यात जानेवारीच्या पहाटे पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो, कधी त्याच्याही खाली जातो. बागेत फवारणी उरकायची घाई असते आणि पस्तीस वर्षांचा ट्रॅक्टर सेल्फ मारला की नुसता घरघरतो. अशा वेळी शेजारच्या बांधावरून सल्ला येतोच : ‘थंडीचं पातळ ऑइल टाका, उन्हाळ्यात घट्ट टाका.’

हा सल्ला एके काळी अगदी बरोबर होता. साठच्या दशकात आपल्याकडे बी-२७५ सारखे ट्रॅक्टर आले, तेव्हा बाजारात मुख्यतः एकाच ग्रेडची ऑइलं मिळत : नुसतं ३०, नुसतं ४०. त्या पिढीच्या पुस्तिकांत हवेच्या तापमानानुसार ग्रेड सांगणारा तक्ता असे. तो तक्ता पाठ झालेली माणसं अजून गावात आहेत. डब्यातलं ऑइल मात्र दरम्यान बदललं.

आज दुकानात १५डब्ल्यू-४० मागितलं जातं. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा ऑइल गारठ्यात किती घट्ट होतं ते सांगतो, नंतरचा आकडा १०० अंशांना तापल्यावर त्यात किती दम उरतो ते. ऑइल तापलं की पातळ होतं, हे कुठल्याच डब्याला चुकत नाही. चांगलं १५डब्ल्यू-४० सुद्धा ४० अंशांवरून १०० अंशांवर गेलं की सात-आठ पट पातळ होतं. फरक इतकाच की त्यात लांबलचक रेणू मिसळलेले असतात. थंडीत हे रेणू गुंडाळी करून पडून राहतात, ताप चढला की उलगडतात आणि ऑइलला फार पातळ होऊ देत नाहीत. वापरता वापरता गिअर आणि बेअरिंगच्या रगड्यात हे रेणू तुटतात. म्हणून महिनोन्‌महिने चाललेलं ४० नंबरचं ऑइल प्रत्यक्षात ४० राहिलेलं नसतं.

आता निफाडच्या थंडीकडे वळू. १५डब्ल्यू हा शिक्का मिळवायला ऑइलची परीक्षा उणे २० अंशांवर घेतात; तिथे क्रँक फिरेल इतपत ते सैल असावं लागतं. आपली ५ अंशांची पहाट त्याला काहीच नाही. म्हणून महाराष्ट्रात हिवाळ्यापुरतं १०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू शोधत फिरण्यात पैसे घालवू नयेत. त्या पहाटे इंजिन लागत नसेल तर आधी बॅटरी, तिची गंजलेली टोकं आणि रिंगांचं कॉम्प्रेशन बघावं. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत, अजून नुसतं ४० असेल, तर मात्र ऑइलवरचा संशय रास्त आहे.

थंडीची खरी भानगड वेगळीच असते. जुनं इंजिन तापतंय म्हणून कुणीतरी केव्हातरी थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो. मग हिवाळ्यात पाणी तापतच नाही. जळताना तयार होणारी वाफ आणि न जळलेलं डिझेल रिंगांवरून खाली चेंबरमध्ये उतरतं आणि उडून जाण्याइतकी ऊब त्यांना मिळत नाही. काडीवर पातळी वाढलेली दिसते. लोक खूश होतात की ट्रॅक्टर ऑइल खात नाही. वाढलेली पातळी ही काळजीची खूण आहे. काडीचा वास घ्या, डिझेलचा दर्प येतो का बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, आणि मग आधी हेड गॅस्केट व लायनरची रबरं तपासायची. अशा इंजिनात नवा थर्मोस्टॅट बसवणं हे कुठल्याही महाग ऑइलपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

उन्हाळ्यात चित्र उलटं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे हवाच ४५ अंशांच्या पुढे असते आणि कामही सगळ्यात जड, खोल नांगरटीचं. चेंबरमधलं ऑइल शंभरी ओलांडतं. झिजलेल्या बेअरिंगांत फट मोठी झालेली असते, त्यातून पातळ ऑइल निसटतं आणि प्रेशर पडतं. खूण सोपी : दिवसभर नांगरून आल्यावर इंजिन मंद गतीवर सोडलं की प्रेशरचा दिवा मिणमिणतो किंवा काटा तळाला जातो. आधी मिस्त्रीकडून घड्याळ लावून प्रेशर मोजून घ्यावं, कारण कधी कधी नुसता सेन्सरच बिघडलेला असतो. प्रेशर खरंच कमी असेल तर पुस्तिकेची मुभा बघून उन्हाळ्यापुरतं २०डब्ल्यू-५० टाकता येतं. ५० ग्रेड तापल्यावरही जास्त दाट राहतं. माझ्या मते हे एका हंगामापुरतं ठीक. झिजलेला धातू ऑइलने भरून येत नाही, इंजिनचं काम काढावंच लागतं.

उन्हाळ्यातला दुसरा शत्रू धुरळा, आणि त्याची आठवण फार थोडे ठेवतात. जुन्या ट्रॅक्टरांना ऑइलच्या वाटीचा एअर क्लीनर असतो. आत ओढलेली हवा ऑइलवर आपटते, धूळ तिथेच अडकते. रोटाव्हेटर चालू असताना ही वाटी रोज उघडून बघावी. तळाशी चिखलाचा थर साचला की वाटी धुऊन नवं ऑइल खुणेपर्यंतच भरायचं. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. इथे कंजूषी झाली तर मातीच रिंगा घासते आणि चेंबरमधलं उत्तम ऑइलही वाया जातं.

डब्यावर ग्रेडखेरीज सीएफ-४, सीएच-४, सीआय-४ अशी अक्षरं असतात. ती काजळी आणि आम्ल पेलण्याची ताकद सांगतात. जुन्या इंजिनाला सीएच-४ किंवा सीआय-४ पुरेसं होतं. एप्रिल २०२० पासून डिझेलमधलं गंधक १० पीपीएमवर आलंय, त्यामुळे आम्लाचा भार पूर्वीपेक्षा हलका झाला आहे. वर्षानुवर्षं सुटं, हलकं ऑइल वापरलेल्या इंजिनात चांगलं ऑइल टाकलं की साठलेली मळी सुटून फिल्टर तुंबू शकतो. तेव्हा पहिली बदली लवकर, फिल्टरसकट करावी. ऑइल इंजिन गरम असतानाच सोडावं, म्हणजे गाळ त्याच्याबरोबर निघतो.

पावसाळ्याबद्दल एवढंच : ट्रॅक्टर महिना-दोन महिने शेडमध्ये उभा राहणार असेल तर काळं ऑइल आत ठेवून उभा करू नका. त्यातलं आम्ल आणि ओल बेअरिंगला खाते.

बदलायचं केव्हा? बहुतेक ट्रॅक्टरांना २५० तास सांगतात, पण जुन्यांचा तासांचा मीटर कधीचाच बंद पडलेला असतो. त्यावर डिझेल मोजण्याचा उपाय आहे. ताशी साधारण ४ लिटर धरले तर २५० तासांना १००० लिटर होतात. झिजलेल्या इंजिनाला मी ८०० लिटर झाले की बदलतो. प्रत्येक वेळी टाकी भरली की शेडच्या खांबावर खडूने लिटर लिहायचे आणि ऑइल बदललं की पुसून पुन्हा शून्यापासून सुरू करायचं.