सेवामुक्त सैनिक आणि विद्यापीठ : अमेरिकेतील १९४४ च्या कायद्याचे स्वरूप व मर्यादा

दीर्घकाळ चाललेले युद्ध संपले म्हणजे लक्षावधी तरुण एकाच वेळी नागरी जीवनात परततात. शिक्षण अर्धवट टाकून ते गेलेले असतात. सैन्यात संपादन केलेल्या कौशल्याला नागरी व्यवसायात भाव येईलच, अशी शाश्वती नसते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यदलांत सुमारे १ कोटी ६० लक्ष स्त्रीपुरुषांनी सेवा केली. त्यांच्यापुढील या प्रश्नाला तेथील शासनाने १९४४ साली जे उत्तर दिले, ते ‘जी. आय. बिल’ या लौकिक नावाने प्रसिद्ध आहे. उच्च शिक्षणाच्या इतिहासात या कायद्याचे स्थान मोठे आहे. परंतु त्याचा उगम शिक्षणप्रेमात नसून बेकारीच्या धास्तीत होता. ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून त्याचे यश आणि त्याचा अन्याय या दोहोंचाही नीट उलगडा होत नाही.

पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धातील सैनिकांना कबूल केलेली बोनसची रक्कम १९४५ साली मिळावयाची होती. मंदीने गांजलेल्या हजारो माजी सैनिकांनी ती तत्काळ मिळावी म्हणून १९३२ मध्ये वॉशिंग्टन येथे तळ ठोकला. त्याच वर्षीच्या २८ जुलै रोजी लष्कर पाठवून त्यांना हुसकून लावण्यात आले. स्वतःच्याच सैनिकांवर शासनाने लष्कर धाडल्याचे ते दृश्य राज्यकर्त्यांच्या स्मरणातून गेले नव्हते. युद्ध थांबताच पुन्हा मंदी येईल, असे भाकीतही अनेकजण करीत होते. यास्तव ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेने पुढाकार घेतला आणि हॅरी कोल्मरी यांनी कायद्याचा मसुदा सिद्ध केला. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरल्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, २२ जून १९४४ रोजी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यावर स्वाक्षरी केली.

शैक्षणिक तरतुदी

कायद्यात बेकारभत्ता, घर व व्यवसाय यांसाठी कर्जाची हमी आणि शिक्षण अशा तीन प्रमुख तरतुदी होत्या. किमान ९० दिवस सेवा केलेल्या आणि अप्रतिष्ठित रीतीने बडतर्फ न झालेल्या सैनिकास एक वर्षाचे शिक्षण मिळे. शिवाय सेवेच्या प्रत्येक महिन्यामागे एक महिना याप्रमाणे ही मुदत अठ्ठेचाळीस महिन्यांपर्यंत वाढू शके. शुल्क व पुस्तके यांसाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत रक्कम शासन थेट शिक्षणसंस्थेला देई. त्या काळी बहुतेक खासगी विद्यापीठांचे शुल्कही या मर्यादेत बसत असे. निर्वाहासाठी अविवाहितास महिना ५० डॉलर व कुटुंब असणाऱ्यास ७५ डॉलर मिळत. पंचवीस वर्षांवरील सैनिकांवर आरंभी जी बंधने होती, तीही डिसेंबर १९४५ च्या दुरुस्तीने दूर झाली.

या योजनेचे वैशिष्ट्य रकमेत नव्हते. शिष्यवृत्ती गुणवत्तेवर किंवा दात्याच्या मर्जीवर अवलंबून असते; येथे मदत हा सेवेने मिळविलेला हक्क होता. प्रवेश द्यावा की न द्यावा हे संस्था ठरवी. परंतु कोणती संस्था व कोणता विषय निवडावा हे सैनिक ठरवी.

विद्वानांची शंका व प्रत्यक्ष अनुभव

हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांच्या मते ही सवलत निवडक पात्र व्यक्तींपुरतीच हवी होती. शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट हचिन्स यांना अशी भीती वाटे की, शासकीय पैशाच्या मोहाने विद्यापीठे अपात्रांना सामावून घेतील आणि शिक्षणाचा दर्जा खालावेल. प्रत्यक्षात उलटे घडले. वयाने प्रौढ, बहुधा विवाहित आणि गेलेला काळ भरून काढण्यास उत्सुक असे हे विद्यार्थी अभ्यासात इतरांच्या मागे राहिले नाहीत. कोनंट यांनीही पुढे त्यांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. १९४७ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी सुमारे निम्मे माजी सैनिक होते. त्यांच्या निवासासाठी लष्कराच्या जुन्या बराकी विद्यापीठांच्या आवारात आणून उभ्या कराव्या लागल्या.

हे संक्रमण सुकर होण्यास सेवाकाळातील शिक्षणाचेही साह्य झाले. विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथून चालणाऱ्या सैन्यदलांच्या शिक्षणसंस्थेद्वारे सैनिक छावणीत राहून पत्रद्वारा अभ्यासक्रम पुरे करीत. माध्यमिक शाळा अर्धवट सोडलेल्यांसाठी १९४२ पासून ‘जी. ई. डी.’ या समकक्षता चाचण्या तयार झाल्या. लष्करी प्रशिक्षणाचे शैक्षणिक मूल्य किती मानावे, याचे मार्गदर्शन अमेरिकन शिक्षण परिषदेने महाविद्यालयांना केले. सैन्यात शिकलेले वाया जाऊ नये, हे तत्त्व यामुळे प्रथमच व्यापक प्रमाणावर व्यवहारात उतरले.

१९५६ मध्ये योजना समाप्त झाली, तेव्हा सुमारे ७८ लक्ष व्यक्तींनी तिचा लाभ घेतला होता. त्यांपैकी २२ लक्ष महाविद्यालयांत व विद्यापीठांत, ३५ लक्ष अन्य शाळांत, १४ लक्ष प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणात आणि ७ लक्ष शेतीच्या प्रशिक्षणात होते. म्हणजे ज्या विद्यापीठीय शिक्षणासाठी हा कायदा विशेष गाजला, ते घेणारे लाभार्थींच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी होते.

समान हक्क, असमान संधी

कायद्याच्या शब्दांत वर्णभेद कोठेही नव्हता. परंतु प्रतिनिधिगृहातील संबंधित समितीचे अध्यक्ष, मिसिसिपीचे जॉन रँकिन यांनी अंमलबजावणीत स्थानिक नियंत्रण राहील अशी दक्षता घेतली. दक्षिणेकडील राज्यांत बहुतेक विद्यापीठांची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. त्यांच्यासाठी असलेली महाविद्यालये संख्येने थोडी, आकाराने लहान व साधनांनी दरिद्री होती. जागेअभावी तेथून हजारोंना परतावे लागले. साराह टर्नर व जॉन बाउंड यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, दक्षिणेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना महाविद्यालयीन शिक्षणात या कायद्याचा फारच थोडा लाभ झाला. दक्षिणेबाहेर जन्मलेल्यांना मात्र तो लक्षणीय प्रमाणात झाला. एकाच युद्धात लढलेल्या दोघांच्या हाती एकच हक्क होता. तो बजावण्यासाठी ठोठावावयाचे दार मात्र एकाला उघडे आणि दुसऱ्याला बंद होते.

दुसरा दोष आर्थिक होता. पैसा थेट संस्थेकडे जात असल्याने केवळ तो उकळण्यासाठी अनेक खासगी व्यवसायशाळा निघाल्या. म्हणून कोरियन युद्धातील सैनिकांसाठी १९५२ मध्ये झालेल्या कायद्याने अविवाहित पूर्णवेळ विद्यार्थ्यास महिना ११० डॉलर हाती देऊन शुल्क त्यातूनच भरण्यास सांगितले. गैरव्यवहारास आळा बसला, पण महागडी विद्यापीठे आवाक्याबाहेर गेली. २००८ च्या कायद्याने शुल्क पुन्हा थेट संस्थेस देण्याची पद्धत स्वीकारली व घरभाड्याची वेगळी तरतूद केली.

निष्कर्ष

या इतिहासावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. उच्च शिक्षणास कोण पात्र आहे, याविषयीचे विद्यापीठांचे अंदाज अनुभवाच्या कसोटीला उतरतातच असे नाही. संधी मिळताच सामान्य कुटुंबांतील सैनिकांनी ते खोटे ठरविले. दुसरी गोष्ट अशी की, विद्यार्थ्याच्या हाती पैसा देणे आणि त्याला प्रवेश मिळेल अशी संस्था उपलब्ध असणे, या भिन्न बाबी आहेत. पहिली जबाबदारी राज्यसंस्थेने पार पाडली. दुसरी तिने स्थानिक समाजाच्या सदिच्छेवर सोपविली. जेथे ती सदिच्छा नव्हती, तेथे सैनिकाचा हक्क कागदावरच राहिला.